पहिला अल्बम, आपली चाल

डब्लिनच्या फॉन्टेन्स डी. सी. या बँडचा पहिला अल्बम 'डॉग्रेल' 12 एप्रिल 2019 ला आला. तेव्हापासून तो माझ्या फोनमधून हललेला नाही. बीड ते अंबाजोगाई हा माझा नेहमीचा रस्ता. बालाघाटाच्या डोंगरात रेंज जाते, त्यामुळे जे ऐकायचं ते घरूनच उतरवून घेऊन निघावं लागतं. पालीजवळ बिंदुसरेचं पाणी मागं पडतं, घाट चढून एसटी मांजरसुंब्याच्या चौकात येते, तोवर या अल्बममधली बहुतेक गाणी होऊन गेलेली असतात आणि शेवटचं 'डब्लिन सिटी स्काय' लागलेलं असतं. आधीची बहुतेक गाणी धडधडत, धक्के देत येतात. हे मात्र जुन्या गुत्त्यात चार जण गळ्यात गळे घालून म्हणतील असं, संथ. इतका आरडाओरडा केल्यावर या पोरांना असं गाता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यांचा गायक ग्रिअन चॅटन गातो कमी आणि बोलतो जास्त. आणि बोलतो तो त्याच्या गल्लीतलं इंग्रजी. पॉप आणि रॉक गाताना इंग्रजी बोलणारी बरीच मंडळी नकळत अमेरिकन वळणावर जातात. हा गडी डब्लिनचे स्वर आहेत तसे ठेवतो, उलट त्यांच्यावर जोरच देतो. ही पाच मुलं संगीताच्या कॉलेजात भेटली, पण त्यांची दोस्ती जमली ती कवितेवरून. अल्बम यायच्या आधी त्यांनी 'व्हरूम' आणि 'वाइंडिंग' नावाच्या कवितांच्या दोन पुस्तिका स्वतःच काढल्या होत्या. म्हणजे आपण कोणत्या भाषेत बोलायचं हे गिटार गळ्यात अडकवण्याआधीच ठरलेलं होतं.

पहिल्या खेपेला त्यांचे निम्मे शब्द माझ्या डोक्यावरून गेले. पण त्या उच्चारामागचा हट्ट लगेच कळला. शिकायला पुण्याला गेले तेव्हा 'मी जायले', 'काय करायलीस' असं काही तोंडातून निघालं की वर्गात हसू फुटायचं. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण आपली बोली घरी फोन करताना वापरायची आणि बाकीच्या जगात दुसरी, अशी वाटणी तिथं आपोआप होऊन गेली. मराठवाड्यातून बाहेर शिकायला गेलेल्या बहुतेकांची होते. म्हणून कुणी आपल्या पहिल्याच अल्बममध्ये, जिथं सगळ्या जगाला आवडायची घाई असते तिथंच, ही वाटणी मोडून टाकतो तेव्हा मी सरसावून बसते.

पहिल्या अल्बमांचं हे वेड मला बरंच जुनं आहे. कुठल्याही बँडचं मी पहिल्यांदा पहिलंच काम ऐकते. दुसरा अल्बम येतो तेव्हा कंपनी असते, दौरे असतात, आधीच्या गाण्यांवर जीव लावलेली माणसं असतात. पहिल्याची कुणी वाटच बघत नसतं. त्यात मागच्या आठ-दहा वर्षांचं सगळं येऊन पडलेलं असतं: शाळेतली भांडणं, गावातले रस्ते, पाठ केलेली दुसऱ्यांची गाणी. आणि कुठंतरी, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या गाण्यात, ती दुसऱ्यांची गाणी मागं पडतात आणि या लोकांची स्वतःची चाल सुरू होते. ती जागा सापडावी म्हणून मी ऐकत राहते.

दुसऱ्याची गाणी वाजवणं यात कमीपणा काही नाही, हे बीडमध्ये राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडं बँड म्हणजे लग्नाचा, आणि त्याहून जास्त चालते ती बेंजो पार्टी. गाड्यावर किंवा छोट्या टेम्पोत जनरेटर, दोन भोंगे, मिक्सर, एक ऑक्टोपॅड, एक कॅसिओ, पुढं ताशे, आणि मधोमध बेंजो. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताची बोटं बटणं दाबतात, उजव्या हातातली प्लॅस्टिकची पट्टी तारांवर फिरते. मूळ वाद्य जपानी. 1912 साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते बनवलं, नाव ताइशोगोतो. भारतात त्याचा बुलबुलतरंग झाला. मग कुणीतरी त्याला पिकअप बसवला, वायर जोडली, आणि घरात भजनाला वाजणारं हे नाजूक वाद्य आख्खी गल्ली हलवू लागलं.

आवाज मुद्दाम फाडलेला असतो. मिक्सरवर गेन इतका चढवलेला असतो की तार छेडली की सूर करवतीसारखा निघतो. रॉकमध्ये गिटारचा आवाज असा फाटावा म्हणून वेगळं यंत्र घेतात. आमच्या पोरांनी तो आवाज जनरेटरच्या विजेवर आणि जुन्या भोंग्यांवर स्वतःच्या कानानं शोधून काढला. कुणी शिकवलं नाही, कुठला क्लास नाही. काका वाजवायचा, त्याच्या शेजारी बसून पुतण्या शिकला. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतं, नवरात्रात देवीची गाणी, लग्नात त्या वर्षी जे गाजत असेल ते. अनोळखी गाण्यावर कुणी नाचत नाही आणि नाचणारे थांबले तर पुढच्या वर्षीची सुपारी जाते. हा हिशोब सरळ आहे, त्याच्यावर घरं चालतात.

आमच्या भागातल्या एका वरातीत गाडा थांबला होता. जनरेटरमध्ये डिझेल ओतणं चाललं होतं, नवरदेवाचे मित्र सावलीला गेले होते. तेवढ्यात बेंजोवाल्या पोरानं आवाज बारीक करून काहीतरी वाजवायला घेतलं. मधेच एक सूर सोडून परत त्यावर येणारी, अडखळल्यासारखी चाल होती. मला कुठलंच गाणं आठवेना. जवळ जाऊन विचारलं, "कुठलं रे हे?"

"कुठलंच नाही ताई. माझंच हाय."

"मग वरातीत का वाजवत नाहीस?"

"कोण नाचंल त्याच्यावर?" त्याचं उत्तर तयार होतं, आणि त्यात कसलीही तक्रार नव्हती. जनरेटर सुरू झाला तसा तो नेहमीच्या गाण्यावर गेला.

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर भारतातल्या रॉक बँडना सापडायला बरीच वर्षं लागली, हे लक्षात घेतलं की त्या पोराची अडचण नीट कळते. 1970 आणि 71 साली सिमला बीट स्पर्धेत निवडलेल्या बँडच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यानंतरही कितीतरी काळ मुंबई-कोलकात्यातल्या मुलांची ओळख ही कुणाची गाणी हुबेहूब वाजवतात यावरच ठरायची. 1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन उभा राहिला. 1988 च्या 'रॉक अँड रोल रेनेगेड' या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी स्वतः रचलेली गाणी आणली. त्यांचा मुख्य गिटारवादक महेश तिनईकर. ही मोठीच उडी होती. पण गाणी इंग्रजी, आणि ऐकताना मुंबई शोधावी लागते. मला त्या अल्बमबद्दल आदर आहे, त्याच्यावर प्रेम मात्र बसलं नाही.

प्रेम बसलं ते इंडियन ओशनच्या 1993 च्या पहिल्या अल्बमवर. सुश्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला. ते ऐकताना हे लोक कुणासारखं वाजवतायत असा विचारच मनात येत नाही, कारण त्यांच्यासारखं आधी कुणी वाजवलेलंच नव्हतं. त्यात एका रचनेचं नाव आहे 'गोइंग टू आयटीओ'. आयटीओ हा दिल्लीतला गर्दीचा चौक. रोजच्या बसच्या रस्त्यावरच्या एका चौकाचं नाव आपल्या रचनेला द्यावं, त्यासाठी कुठलाही इतिहास किंवा देखणेपणा त्या चौकापाशी असायची गरज वाटू नये, हे मला फार मोलाचं वाटतं. मांजरसुंब्याच्या चौकावर अजून कुणी काही रचलेलं नाही.

मग 2007 मध्ये पुण्याच्या अग्नीचा पहिला अल्बम आला. मोहन यांचा आवाज, कोको म्हणजे कौस्तुभ धवळे यांची गिटार. 'साधो रे' हे गाणं तेव्हा सगळीकडं वाजत होतं. कबीराच्या वळणाचं संबोधन आणि खाली इलेक्ट्रिक गिटार. आमच्यासारख्या कीर्तनाच्या गावातून आलेल्यांना ते अजिबात परकं वाटलं नाही. पखवाजावर 'साधो' ऐकलेलं होतंच. उलट आपल्या घरातलं काहीतरी या वाद्यावर नीट बसतं, हे पहिल्यांदा तेव्हा कळलं. शब्द हिंदी होते, म्हणून वाटायचं, आता पुढचा मराठी. त्या 'पुढच्या'ची वाट मी अजून बघते आहे. मुंबईच्या अभंग रिपोस्टनं अभंग गिटार आणि ड्रमवर घेतले, स्वदेसीच्या मुलांनी मराठीत रॅप केलं, आणि दोन्ही मी मन लावून ऐकते. पण आजच्या मराठीत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या गावाबद्दल सलग आठ-नऊ गाणी करणारा रॉक बँड, त्याची भूक वेगळी आहे.

द लोकल ट्रेनचा 'आलस का पेड़' 2015 चा. चंडीगडची मुलं, साधं हिंदी, मोकळी गिटार. 'छू लो' आणि 'आओगे तुम कभी' ही गाणी आमच्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांना तोंडपाठ आहेत. स्नेहसंमेलनात कुणी गिटार घेऊन स्टेजवर आलं की सुरुवातीचे चार सूर निघायच्या आत खालून शब्द सुरू होतात. त्या वेळी बीड शहरात रेल्वेच नव्हती. नगर–बीड–परळी मार्ग 1995 मध्ये मंजूर झालेला, आणि बीडहून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडं सुटली 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. तेव्हा आमच्या पोरांनी रेल्वेच्या नावाचा बँड आधी ऐकला आणि रेल्वे नंतर बघितली. या अल्बमची ताकद त्याच्या साधेपणात आहे: ज्याला तीन कॉर्ड येतात त्याला तो वाजवता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी गिटार पोचवण्याचं जितकं काम या एका अल्बमनं केलं तितकं क्वचितच दुसऱ्या कुणी केलं असेल.

याच्या एक वर्ष आधीचा, 2014 चा 'बारान', बंगळूरच्या परवाज़चा. खालिद अहमद आणि काशिफ इक्बाल हे दोघं काश्मीरचे, त्यामुळे उर्दूसोबत काश्मिरी गाणंही त्यात आहे. मी तो ऐकला 2016 च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्याकडं टँकरच्या खेपा मोजत दिवस चालले होते, आणि कानात हा अल्बम. 'बारान' म्हणजे पाऊस, हे नंतर कळलं. खालिदचा आवाज वर जातो तेव्हा गिटार खाली थांबून राहते, घाई करत नाही. एकेक गाणं आपल्याला हवं तितकं लांबतं. बंगळूरला राहून काश्मिरी गाणाऱ्या त्या आवाजात लांब राहण्याचा जो ताण आहे तो आमच्या जिल्ह्याला ओळखीचा आहे. इथली निम्मी घरं कुणा ना कुणाची वाट बघत असतात.

पुण्याच्याच ईझी वॉन्डरलिंग्जचा 'अॅज रिटन इन द स्टार्स' 2017 मध्ये आला. बासरी, व्हायोलिन, फार नितळ गाणं, रेकॉर्डिंग सुरेख. तरी त्यात मला पुणं सापडत नाही. तो जगात कुठंही झाला असता. अनेकांना हाच त्याचा गुण वाटेल, आणि त्यांचं चूक नाही. पण माझी आवड दुसरीकडं झुकते.

ती कुठं झुकते ते इंग्लंडच्या इंग्लिश टीचर या बँडवरून सांगता येईल. 2024 चा 'धिस कुड बी टेक्सस' हा त्यांचा पहिला अल्बम, आणि त्याच वर्षीचं मर्क्युरी पारितोषिक त्याला मिळालं. लंडनबाहेरच्या बँडला ते मिळालं तब्बल दहा वर्षांनी. बँड लीड्सचा; गायिका लिली फॉन्टेन लँकेशायरमधल्या कोन या लहानशा गावातून आलेली. त्यांच्या एका गाण्यात रस्त्यावरची फरशीच बोलते, जगातली सगळ्यात मोठी फरशी. गावाला मिरवायला दुसरं काही नसतं तेव्हा ते जे काही मिरवतं, त्या अभिमानाला ती बाई हसत नाही. ती त्या फरशीच्या आत जाऊन उभी राहते. तिथल्या जुन्या दंतकथाही त्यात येतात, आणि परक्याला समजावं म्हणून एकही टीप देत नाही. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ, परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या, आणि 'आमच्याकडं काय आहे बघायला' असं म्हणत पाहुण्याला सगळं गाव फिरवणारी आमची माणसं आठवली.

वेट लेगचा 2022 चा अल्बमही गाजला, वाइट बेटावरच्या दोन मैत्रिणींचा, ग्रॅमी मिळालं. खेळकर आहे, प्रवासात छान जातो. त्याच्याबद्दल एवढंच.

ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो अल्बम मात्र वेगळा. ब्लॅक कंट्री, न्यू रोड या सात जणांच्या बँडचा 'फॉर द फर्स्ट टाइम', फेब्रुवारी 2021. फक्त सहा रचना. पहिलीत शब्दच नाहीत. ढोलाचा एक ठेका सुरू होतो, त्यावर कीबोर्डची एक चक्राकार चाल, मग सॅक्सोफोन आणि व्हायोलिन येतात, आणि आपण थेट एखाद्या लग्नाच्या मांडवात जाऊन पडतो. हे संगीत आहे क्लेझमर, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात वाजणारं. बँडमधल्या काहींनी ते आधी वाजवलेलं होतं. रॉकच्या अल्बमची सुरुवात त्यांनी त्या वाजंत्रीनं केली. चाल पुढं पुढं वेग घेते, वाद्यं एकमेकांच्या अंगावर येतात, आणि मधेच सगळं इतकं फाटतं की ते लग्न आहे की भांडण ते कळत नाही. आमच्याकडच्या वरातीतही ती वेळ येते, सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा अल्बम यायला चार दिवस असताना त्यांचा गायक आयझॅक वुड बाहेर पडला. उरलेल्या सहा जणांनी ठरवलं, त्याची गाणी त्याच्याशिवाय वाजवायची नाहीत. ठरलेले कार्यक्रम तर होते. त्यांनी काही महिन्यांत सगळी नवी गाणी केली आणि लोकांसमोर तीच वाजवली; 2023 मध्ये ती 'लाइव्ह ॲट बुश हॉल' म्हणून आली. म्हणजे हे लोक एका अर्थानं दोनदा पहिल्यापासून सुरू झाले. श्रोत्यांना ओळखीचं एकही गाणं न देता त्यांच्यासमोर उभं राहायचं, आणि श्रोत्यांनी थांबून ऐकायचं. 'कोण नाचंल त्याच्यावर' याचं उत्तर तिथं मिळालं. कुणी नाचलं नाही तरी चालतं. ऐकणारा लागतो.

असा ऐकणारा आमच्याकडं नाही, हे मला कुणी सांगू नये. अंबाजोगाईत दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. विलंबित ख्याल ऐकायला माणसं थंडीत बसतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना रागाचं नावही माहीत नसतं. हेच ते गाव, जिथं मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधू'चं स्थळ आणि काळ यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण परंपरा त्याला शके 1110 चा, मराठीतला पहिला ग्रंथ मानते. ज्ञान संस्कृतात सांगायचं असा दंडक असताना कुणीतरी मराठीत सांगायला बसलं, आणि ते ऐकायला समोर कुणीतरी बसलं असेलच.

स्वतःच्या पैशानं गाणं काढण्याची रीतही आम्हाला नवी नाही. कॅसेटच्या काळात मराठवाड्यातल्या कितीतरी गायकांनी पदरमोड करून भीमगीतांच्या कॅसेट काढल्या. जयंतीच्या मैदानाबाहेर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीजवळ, पुस्तकांच्या शेजारी त्या मांडलेल्या असायच्या. कंपनी नाही, जाहिरात नाही, कव्हरवर गायकाचा पासपोर्ट फोटो आणि संपर्काचा पत्ता. इंडी या शब्दाचा जो मूळ अर्थ, तो या कॅसेटना पुरेपूर लागू पडतो. त्यातल्या अनेक त्या गायकांच्या पहिल्या होत्या आणि शेवटच्याही. आता त्यांची जागा यूट्यूबनं घेतली. तिथं एकेक गाणं येतं, पुढच्या आठवड्यात दुसरं. त्यामुळं पुष्कळांना वाट मिळाली हे खरं. पण एकच गाणं करायचं म्हटलं की ते नाचण्याजोगंच करावं लागतं, पहिल्या दहा सेकंदांत पकडणारं. अल्बममधल्या सहाव्या-सातव्या गाण्यावर ती सक्ती नसते. तिथं तुम्ही आजीबद्दल बोलू शकता, टँकरबद्दल बोलू शकता, किंवा नुसती अडखळणारी एक चाल वाजवू शकता.

त्या बेंजोवाल्या पोराला मी ब्लॅक कंट्रीची ती पहिली रचना ऐकवली. दसरा झाला होता. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांना काम कमी असतं. एक हेडफोन त्याच्या कानात, एक त्याच्या ताशेवाल्या मित्राच्या. पहिल्यांदा दोघं काहीच बोलले नाहीत. मग ताशेवाला म्हणाला, "हे तर आपलंच हाय की. क्लॅरिनेटवाला आसंच वाजवायचा पहिलं." बेंजोवाल्यानं तीच जागा पुन्हा पुन्हा लावली आणि विचारलं, "याची सुपारी मिळती का त्यांला?" मी म्हटलं, मिळते, लोक तिकीट काढून येतात. त्यावर त्यानं मान डोलावली आणि मिक्सरबद्दल विचारायला लागला: व्हायोलिनला पिकअप कुठला, ढोलाला किती माइक.

मी मराठी शिकवते. वर्गात कविता करणाऱ्या मुली असतात, त्यांच्या वह्या माझ्याकडं येतात. त्यातल्या एकीनं ऊसतोडीला गेलेल्या आईवर लिहिलेल्या ओळी मी त्या दोघांना वाचून दाखवल्या, तिला विचारूनच. ओळी बोलीतल्या होत्या, 'जायली', 'करायली' सगळं तसंच. मी म्हटलं, गाण्यात हे असंच ठेवायचं का? बेंजोवाला म्हणाला, "मग काय पुण्याच्या भाषेत म्हणायचं का ताई?"

हलगीवरून मात्र बोलणं अडलं. मला हलगी हवी होती. 2018 च्या जानेवारीत चेन्नईत द कास्टलेस कलेक्टिव्हचा पहिला कार्यक्रम झाला, त्यांनी उत्तर चेन्नईतलं गाना हे अंत्ययात्रेशी जोडलेलं गाणं गिटार-ड्रमसोबत आणलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात हलगी होती. पण हलगी ज्यांच्या वाट्याला जातीनं आली, त्यातल्या कितीतरी घरांनी ती स्वाभिमानानं खाली ठेवली आहे. मेलेलं ढोर ओढायचं नाही तसं हेही करायचं नाही, असं ठरवून. ती परत उचलायची की नाही हे मी ठरवायचं नाही. ताशेवाल्याचा एक नात्यातला मुलगा हलगी वाजवतो, आणि हौसेनं वाजवतो. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: वाजवीन, पण गाण्यात मला सगळ्यांच्या पुढं ठेवा. मागं उभा राहून वाजवायचे दिवस आजोबांबरोबर गेले.

त्याची अट सगळ्यांना पटली. अडचण वेगळीच निघाली. त्याच्या घरानं मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. कविता लिहिणाऱ्या मुलीची आईही त्याच सुमारास जाते, आणि मग धाकट्या भावंडांचं सगळं हिच्यावर. पाडवा झाला की लग्नसराई, तेव्हा बेंजो आणि ताशा मोकळे नसतात. आषाढापासून चार-साडेचार महिने मुहूर्त नाहीत, पण त्यात गणपती आहेत, देवी आहे. कॅलेंडर समोर ठेवून आम्ही सगळे बसलो, तेव्हा चौघंही गावात आणि चौघंही रिकामे असा काळ सापडला तो आषाढ आणि श्रावणाचा. पेरणी झालेली असते, रस्त्यावर चिखल असतो, मिरवणूक कुठलीच नसते. लीड्सच्या किंवा डब्लिनच्या बँडला स्टुडिओच्या तारखा मिळवाव्या लागतात; बीडच्या बँडला अशा तारखा ऊस आणि मुहूर्त यांच्यामधून काढाव्या लागतील.

तोवर ती चाल बेंजोवाल्यानं फोनवर रेकॉर्ड करून हलगीवाल्याला पाठवली आहे. फडात रात्री, पाचटाच्या खोपीबाहेर बसून, तो तिच्यावर ठेका बसवणार आहे. गाण्याला अजून नाव नाही. आपसात आम्ही त्याला डिझेलचं गाणं म्हणतो.